जास्तीचे वीस मीटर

१

धूर माणसाला दिसण्याआधी यंत्राला कळला पाहिजे, एवढेच आमच्या कामाचे सार आहे. मोठ्या इमारतींत हवा खेळती राहावी म्हणून छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे नेलेले असतात. त्यांना डक्ट म्हणतात. एका खोलीत आग लागली, तर त्याच डक्टमधून धूर दुसऱ्या टोकाला निर्धास्त बसलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. म्हणून डक्टच्या पोटात भोके पाडलेली एक नळी आडवी घालायची आणि बाहेरच्या अंगाला डिटेक्टरची डबी बसवायची. धूर नळीत शिरला की डबीवरचा तांबडा दिवा लागतो, पंखा थांबतो आणि डक्टमधली झडप मिटते. डिटेक्टरला ‘धूरशोधक’ म्हणण्याचा प्रयत्न मी पूर्वी एकदा केला होता. दुकानदार म्हणाला, “काका, ते गृहस्थ अजून आले नाहीत.” तेव्हापासून मी डिटेक्टरच म्हणतो.

हे काम मी एकोणचाळीस वर्षे केले आणि त्यांपैकी सदतीस वर्षे माझ्या पत्नीसह केले. नळी बसवून झाली की चाचणी घ्यावी लागते. पत्नी खोलीत छताच्या जाळीखाली स्टुलावर उभी राहून डब्यातला धूर जाळीत सोडी. मी डक्टच्या दुसऱ्या टोकाला, मशीनरूममध्ये, डिटेक्टरपाशी वही घेऊन उभा राही. धूर सुटला की ती जाळीत तोंड घालून ओरडे, “सोडला हो!” तिथून मी अंक मोजू लागे. डक्टची लांबी आणि हवेचा वेग ठाऊक असेल, तर कितव्या अंकाला दिवा लागावा हे आधीच सांगता येते. माझे उत्तर क्वचितच चुकले असेल.

आणि तिचा तो आवाज! पत्र्याच्या बोगद्यातून, पंख्याच्या घरघरीतून, मैदानात हाक मारावी तसा तो स्वच्छ येई. आमची शेजारीण म्हणत असे, “वहिनी, तुमच्याकडे दाराला घंटा कशाला हवी?” आमच्या मुलीला लहानपणी वाटे की सगळ्यांच्याच आया अशा बोलतात. शाळेत गेल्यावर तिचा भ्रम फिटला.

सव्वादोन वर्षांपूर्वी पत्नीच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. बोलू लागली की ओठ हलत आणि उरलेली फुंकर बाहेर येई. तिचा आवाज आम्ही कशातही साठवून ठेवला नव्हता. जी गोष्ट घरभर सांडलेली असते, ती भरून ठेवावी असे कुणाला सुचत नाही.

रुग्णालयातून घरी आल्यावर मुलीने तिला एक पाटी आणून दिली. तिच्यावर पत्नीने पहिले वाक्य लिहिले: “आता भांडायचं कसं?”

मी खाली लिहिले: “लेखी.”

त्या दिवशी ती पुष्कळ हसली. हसण्यालाही आवाज नव्हता, परंतु खांदे नेहमीसारखेच हलत होते.

मी काम सोडण्याची भाषा केली, तेव्हा तिने पाटीवर नुसते एक उद्गारचिन्ह काढून दाखवले. मग आम्ही ठोक्यांची खूण ठरवली. जाळीच्या पत्र्यावर पान्याने दोन ठोके म्हणजे धूर सोडला, एक म्हणजे थांबा, तीन म्हणजे इकडे या.

२

ज्या इमारतीविषयी लिहितो आहे ती पाच मजली, जुन्या कचेरीची. तिथे सार्वजनिक ग्रंथालय येणार होते. पुस्तकांची खोकी तळमजल्यावर येऊन पडली होती आणि वाचकांना पुढच्या सोमवारपासून प्रवेश मिळायचा होता. त्याआधी शनिवारी अग्निशमन खात्याच्या अधिकारी बाई तपासणीला येणार होत्या. आमच्याकडे चौदा डिटेक्टर बसवण्याचे काम होते. मला ते काम मनापासून हवे होते. माझे शिक्षण शाळेपेक्षा ग्रंथालयातच अधिक झाले आहे, आणि ज्या घराने आपल्याला वाढवले त्याच्या छताची काळजी घेण्याची संधी सहसा मिळत नाही.

इमारतीची देखरेख करणारे गृहस्थ कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा बाळगीत की सगळे त्यांना किल्लीवाले म्हणत. ते आले की आधी जुडगा येई.

“काका, तिसरा मजला आधी उरकून टाका,” ते म्हणाले. “वाचनाची मोठी खोली तिथे आहे. आणि काकूंना स्टुलावर चढवू नका हो, मी माणूस देतो.”

पत्नीने पाटी वर धरली: “माणूस धूर सांडतो.”

“बरं बाई,” किल्लीवाले म्हणाले, “तुमच्यापुढे कोण बोलणार?” आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते कानापर्यंत लाल झाले. पत्नीने त्यांच्या पाठीवर थोपटले.

तिसऱ्या मजल्याचा डक्ट वाचनकक्षाच्या जाळीपासून निघून सरळ मशीनरूममध्ये येत होता. त्याला वळण नव्हते, फाटा नव्हता. आराखड्यात लांबी तीस मीटर होती. हवा एका सेकंदात पाच मीटर जात होती, हे मी मोजले होते. म्हणजे सहा अंक, आणि डिटेक्टरला स्वतःचा एक. सातव्या अंकाला दिवा लागायला हवा. मी वहीत पेन्सिलीने सात लिहून ठेवले.

चाचणीच्या वेळी दिवा लागताच पंखा थांबू नये म्हणून आम्ही डिटेक्टरची एक तार सोडवून ठेवतो. पंखा आणि झडप दोन्ही त्याच तारेवर असतात. काम संपले की ती जोडायचीच. जो कारागीर ती जोडायला विसरतो, त्याने आग लावलेली नसते, पण ती पाहुण्यासारखी घरात घेतलेली असते.

ठक, ठक. मी मोजू लागलो.

सात आला. दिवा लागला नाही. आठ, नऊ, दहा. अकराव्या अंकाला दिवा लागला, डक्टवरच्या तपासणीच्या झाकणाच्या फटीतून धुराचा वास आला, आणि त्या धुरासोबत, पंख्याच्या घरघरीतून, मैदानातल्यासारखी स्वच्छ हाक आली:

“सोडला हो!”

३

माझ्या हातून पेन्सिल खाली पडली. ती उचलून मी वहीत अकरा लिहिले.

मन आपल्याला जे हवे असते तेच ऐकवते, हे मी एकाहून अधिक पुस्तकांत वाचले आहे. सदतीस वर्षे दोन ठोक्यांच्या जागी जो शब्द ऐकला, तो कानाने आपणहून भरून काढला असेल. किंवा तळमजल्यावर रंगाऱ्यांचा रेडिओ चालू असेल. किंवा धुराच्या डब्याचे तोंड चरचरले असेल. अशी तीन कारणे मी वहीत क्रमाने लिहिली. तिन्ही पटण्यासारखी होती. त्यांपैकी एकही अकरा या अंकाला लागू पडत नव्हते.

म्हणून मी लांबी मोजली. फीत घेऊन डक्टच्या खालून, मार्गिकेतून, जाळीपासून मशीनरूमपर्यंत गेलो. तीस मीटर आणि दोन विती. झाकण उघडून आत बॅटरीचा झोत टाकला. पत्र्याची सरळ, स्वच्छ नळी होती, आणि शेवटी जाळीतून खोलीतला उजेड चौकटी-चौकटींनी आत आला होता. फाटा नव्हता, भगदाड नव्हते. धूर मात्र चार अंक उशिरा आला होता. चार अंक म्हणजे वीस मीटर. एवढी जागा त्या मजल्यावर नव्हतीच. तीस मीटरपलीकडे भिंत होती, आणि भिंतीपलीकडे उघडे आकाश.

“काका, सारखी फीत काय धरता?” किल्लीवाल्यांनी विचारले. “इमारत पळून जाणार आहे का?”

“लांबी तपासून पाहतो आहे.”

“अहो, आराखड्यात आहे की.”

“आराखड्यात आहे तेवढी आहे का, ते पाहतो आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले आणि जुडगा वाजवत निघून गेले.

पत्नी वाचनकक्षात स्टुलावर बसून माझी वाट पाहत होती. तिने भुवया उंचावल्या. पाटीवर लिहिलेलेच होते: “काय झालं?”

“काही नाही. कुठेतरी थोडी गळती असावी. पुन्हा चाचणी घेऊ.”

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो, असे म्हणणार नाही. परंतु कामाच्या बाबतीत ते पहिलेच.

४

त्या दिवशी, मंगळवारी, मी पाच चाचण्या घेतल्या. एक पुरेशी होती.

पाचही वेळा अकरावा अंक, दिवा, आणि हाक. पाचव्या वेळी हाकेनंतर आणखी काही आले. किंचित कुरकुरीचा, अगदी घरातला स्वर: “गुडघा दुखतोय. आता पुरे करा की.”

हे वाक्य तिने पूर्वी कधी ओरडून म्हटले असेल आणि ते माझ्या कानात राहिले असेल, असे म्हणायला जागा नव्हती. गुडघा गेल्या हिवाळ्यापासून दुखतो. आवाज त्याआधीच गेला होता.

मी मार्गिकेतून पाय न वाजवता गेलो आणि दारातून पाहिले. ती स्टुलावर उभी होती. एक हात गुडघ्यावर, तोंड जाळीजवळ. ओठ हलत होते. सदतीस वर्षांची सवय शस्त्रक्रियेने गेली नव्हती. ठोके दिल्यावर ती अजूनही जाळीला सगळे सांगत होती, निःशब्द.

मी परत मशीनरूममध्ये आलो. झाकण उघडले आणि आत तोंड घालून विचारले, “अगं, चहा घेशील?”

माझा आवाज तिच्यापर्यंत लगेच पोहोचत असे, तो नेहमीच पोहोचला आहे. मी अंक मोजले. अकराव्याला उत्तर आले.

“घेईन. पण तुम्ही केलेला नको.”

मी म्हणालो, “मी केलेल्या चहात काय वाईट असतं?”

एक, दोन, तीन. अकरा.

“पाणी चांगलं असतं.” आणि मग जवळजवळ लगेच, घाबरून, “अहो! तुम्ही कुणाशी बोलताय?”

ठक, ठक, ठक. इकडे या.

मी गेलो तेव्हा ती स्टुलावरून उतरली होती आणि तिने पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. लिहिले होते: “ऐकू येतं?”

मी मान डोलावली. तिने पाटी खाली ठेवली, माझे दोन्ही कान धरले आणि माझे डोके हलकेच गदागदा हलवले, जणू आत काही अडकले असेल तर ते बाहेर पडावे. मग आम्ही दोघेही त्या रिकाम्या खोलीत, रंगाच्या डब्यांमध्ये, जमिनीवर बसून राहिलो. आम्हांला भीती वाटायला हवी होती. तसे काही सुचले नाही.

५

पुढचे दोन दिवस आम्ही उरलेले तेरा डिटेक्टर सकाळी घाईने बसवले आणि दुपारी तिसऱ्या मजल्यावर गप्पा मारल्या. मी एका टोकाला, ती दुसऱ्या. मध्ये तीस मीटर, किंवा जे काही होते ते.

ती खूप बोलली. वीस महिन्यांचे साचलेले होते. मुलीच्या नव्या घराचे पडदे तिला मुळीच आवडले नव्हते. डॉक्टरांच्या चपला करकरत, म्हणून शस्त्रक्रियेआधी तिला हसू आले होते. “आणि तुम्ही त्या रात्रभर बाकावर बसून पुस्तक वाचत होतात ना,” ती म्हणाली, “एकही पान उलटलं नाही तुम्ही. मी काचेतून पाहत होते.” मी म्हणालो की पान लांबलचक होते. पुढच्या उत्तराला वेळ लागला. कारण मध्ये ती हसत होती, आणि ते हसणे अंकांच्या हिशेबाने माझ्यापर्यंत आले. खांद्यांचे नव्हे. खरे, आवाजाचे.

परंतु हिशेब बदलत होता. मंगळवारी अकरा. बुधवारी तेरा. गुरुवारी सोळा. हवेचा वेग तोच होता, मी दर वेळी मोजत होतो. पंखा मंद नव्हता. डक्ट लांबत होता, एवढेच वहीवरून म्हणता येत होते. मी ते अंक वहीत लिहिले आणि वही मिटून ठेवली.

बुधवारी संध्याकाळी घरी तिच्या हातून पातेल्याचे स्टीलचे झाकण निसटले. ते फरशीवर कडेवर पडले आणि गरगर फिरत राहिले. अशा झाकणाचा आवाज काय असतो हे सर्वांना ठाऊक आहे. फिरण्याचा वेग वाढत जातो, आवाज घाईला येतो आणि मग एकदम थांबतो. ते झाकण फिरले, घाईला आले, थांबले. आवाज झाला नाही.

तिने झाकणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ते उचलून विसळून ठेवले. नळाखाली पाणी वाजत होते. तिच्या हातातले झाकण वाजत नव्हते.

मग मी लक्ष देऊ लागलो. तिच्या चपला वाजत नव्हत्या. पाटीवर पेन्सिल पूर्वी कुरकुरे, माझ्या दातांना ते सोसत नसे, आता ती गुळगुळीत सरकत होती. ती खोकली तेव्हा छाती हलली, इतकेच. पूर्वी खोकल्याला निदान घरघर असे.

गुरुवारी दुपारी तिने पान्याने दोन ठोके दिले असावेत. मला ऐकू आले नाहीत. मशीनरूममध्ये मी डक्टच्या झाकणाला कान लावून उभा होतो. बऱ्याच वेळाने ठोके आले, धुराबरोबर, आवाजाबरोबर. त्यांच्यामागून आणखी एक आवाज आला. लांबून, पत्र्यावरून, एक झाकण गरगर फिरत येत होते. घाईला आले आणि थांबले.

आणि त्यानंतर तिचा आवाज, जवळून, अगदी प्रेमाने:

“इथे जागा आहे.”

मी वाचनकक्षात गेलो. तिला म्हणालो, “आत्ता काय काय बोललीस?”

तिने लिहिले: “सोडला हो. आणि मुलीला फोन करा म्हटलं.”

“आणखी?”

तिने नकारार्थी मान हलवली. एवढेच.

६

शुक्रवारी मी तिला वही दाखवली. लपवून ठेवणे मला जमले नसते, आणि शोभलेही नसते. अकरा, तेरा, सोळा. त्यांच्यापुढे मी आदल्या रात्री घरी बसून दुसरा स्तंभ आखला होता: झाकण, चपला, पेन्सिल, खोकला, ठोके. जे जे तिच्याकडून गेले ते.

तिने तो वाचला आणि माझ्याच पेन्सिलीने त्यात एक भर घातली: “बांगड्या. मंगळवारपासून.”

“तुला ठाऊक होतं?”

तिने पाटी घेतली आणि बराच वेळ लिहिले. “माझ्या वस्तू आहेत. मला कळणार नाही? बोलायला मिळालं. त्यापुढे बांगड्या काय?”

“मला नको आहे असं बोलणं,” मी म्हणालो. “उद्या तू दारात उभी राहशील आणि मला कळायचं नाही. परवा हात लावीन आणि...” पुढचे वाक्य मी व्याकरणाने पुरे करू शकलो नाही.

तिने पाटी पुसली. मग लिहिले: “तार जोडली नाही ना तुम्ही?”

नव्हती जोडली. चौदापैकी तेरा डिटेक्टर मी पूर्ण केले होते. तिसऱ्या मजल्यावरची तार चार दिवस सुटीच होती. ती जोडली की दिवा लागताच पंखा थांबेल, झडप मिटेल आणि आवाज आतच राहील, म्हणून मी रोज उद्यावर ढकलत होतो. सोमवारी त्या जाळीखाली शंभर माणसे पुस्तके उघडून बसणार होती. चार दिवस मी आगीसाठी दार उघडे ठेवले होते, आणि तेही माझ्यासारख्या माणसाने, ज्याने कधी एक स्क्रूही ढिला सोडला नाही.

“जोडा,” तिने लिहिले. “उद्या तपासणीला धूर सोडायचाच आहे. तेव्हा शेवटचं एक वाक्य बोलते. मग मिटू दे तुमची झडप. पुन्हा तिथे तोंड घालणार नाही.”

“काय बोलणार आहेस?”

तिने पाटी काखेत मारली. एकेचाळीस वर्षांपूर्वीही ती अशीच होती, काही विचारले की आधी काखेत काहीतरी मारायची.

शनिवारी अकरा वाजता अधिकारी बाई आल्या. त्या माझ्याजवळ मशीनरूममध्ये घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. किल्लीवाले वाचनकक्षात पत्नीपाशी होते. ठोके ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी फोनवरून सांगायचे ठरले होते. मी तार जोडली होती. जोडताना मला एक गोष्ट उमगली होती, ती मी पत्नीला सांगितली नव्हती. आवाज धुरासोबत येत असे, परंतु दिव्याच्या किंचित मागून. झडप मात्र दिव्यासोबत मिटते.

“काकूंनी सोडला!” फोनमधून किल्लीवाले म्हणाले.

बाईंनी घड्याळ दाबले. मी मनात मोजू लागलो. डक्टच्या झाकणाला मध्ये काचेची एक चकती होती, तिच्याशी मी बॅटरी धरली. सात. अकरा. सोळा.

“तीस मीटरला इतका वेळ?” बाई म्हणाल्या.

“पंखा जुना आहे,” मी म्हणालो. हे दुसरे खोटे.

एकवीस. बावीस. काचेतून पत्र्याची नळी दिसत होती आणि शेवटी जाळीचा उजेड, चौकटी-चौकटींचा. त्याच्या पलीकडेही नळी दिसत होती. जिथे भिंत आहे तिथून ती सरळ पुढे गेली होती. फार लांब आणखी एक उजेड होता, आणि त्यात कुणीतरी स्टुलावर पाठमोरे उभे होते. अंतरामुळे ते एवढे लहान दिसत असावे. शेजारी दुसरे स्टूल ठेवलेले होते. ते रिकामे होते.

तेविसाव्या अंकाला दिवा लागला.

“अहो, मी...” ती म्हणाली, आणि झडप मिटली. पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. बाईंनी घड्याळ पाहिले, अंक लिहिला आणि म्हणाल्या, “वेळ जरा जास्त आहे, पण यंत्रणा चोख चालते. छान काम, काका.”

मी त्यांचे आभार मानले. माझ्या कामाची एवढी चांगली प्रशंसा क्वचितच झाली आहे.

७

ग्रंथालय सोमवारी उघडले. त्याला आता सात महिने झाले.

तिचे जे आवाज गेले होते ते परत आले नाहीत. परंतु झडप मिटल्यानंतर आणखीही काही गेले नाही. ती आहे, तिचा हात उबदार आहे, ती माझ्या चहाला नावे ठेवते, लेखी. घरात ती कुठे आहे हे मला कानांनी कळत नाही, म्हणून मी डोळ्यांनी पाहत राहतो. पूर्वी मी तिच्याकडे इतके पाहत नव्हतो, हे मला मान्य केले पाहिजे.

ते शेवटचे वाक्य काय होते, असे मी पुष्कळदा विचारले. तिचे उत्तर ठरलेले आहे: “एकदा बोलले. ऐकलं असतंत.”

दर बुधवारी दुपारी आम्ही तिसऱ्या मजल्यावर वाचायला जातो. जाळीखालचे टेबल बहुतेक मोकळे असते. तिथे वारा लागतो, असे लोक म्हणतात. तिने दिलेला शब्द पाळला आहे, ती जाळीकडे मान वर करून पाहतसुद्धा नाही. ग्रंथपाल बाई तिच्यावर फार खूश आहेत. “काकूंसारखी शांत वाचक नाही हो,” त्या मला म्हणाल्या, “नाहीतर तुम्ही, काका! तुमचं पान उलटतं ते तळमजल्यावर ऐकू येतं.” पत्नीचे खांदे हलले.

गेल्या बुधवारी मी एक जाडजूड ग्रंथ वाचत होतो. कोऱ्या, करकरीत कागदाचा. शंभराव्या पानाच्या आसपास मी पान उलटले आणि थांबलो. मागे उलटले. पुन्हा पुढे उलटले, जरा जोराने. मग खुर्ची मागे सरकवली. फरशी दगडी आहे, खुर्चीला लोखंडी पाय आहेत. समोरचा विद्यार्थी लिहीत होता. त्याची पेन्सिल मला व्यवस्थित ऐकू येत होती.

पत्नीने पुस्तकातून मान वर केली. तिने खुर्चीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. सात महिन्यांपूर्वी त्या फिरत्या झाकणाकडे पाहिले होते, तसेच. तिला काही सांगावे लागले नाही.

घाबरलो असे म्हणता येणार नाही. मी उभा राहिलो, जाळीकडे तोंड केले आणि घरी बोलतो तेवढ्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून विचारले, “अगं, चहा घेशील?”

विद्यार्थ्याने मान वर केली नाही. ग्रंथपाल बाईंनीही केली नाही.

मी खाली बसलो. पत्नीने माझे मनगट हातात घेतले आणि त्यावर एका बोटाने ठोके देऊ लागली, सावकाश, एकसारखे. तिला मी कधी मोजताना पाहिले नव्हते. सदतीस वर्षे मोजण्याचे काम माझे होते. अकरा झाले. तेवीस झाले. ती वर पाहत नव्हती, पण तिने मान जराशी कलती केली होती, कान जाळीकडे. एकतीस. बत्तीस.

तेहेतिसाव्या ठोक्याला तिचे बोट थांबले आणि तिचा चेहरा उजळला.

तिने पाटी पुढे ओढली आणि लिहिले: “घेईन. पण तुम्ही केलेला नको.”